मशीनवर बसून आलेली मायबाई

हे मी लिहावं की नाही, याचा बरेच दिवस विचार केला. आमच्या घरात माझ्याआधी कोणी बारावीच्या पुढं गेलं नाही आणि छापण्यासारखं तर कोणीच काही लिहिलं नाही. कुठून सुरुवात करायची आणि काय गाळायचं, हेही मला नीट कळत नाही. त्यातून ही गोष्ट माझ्या चेहऱ्याची नाही, माझ्या थोरल्या बहिणीच्या चेहऱ्याची आहे. दुसऱ्याच्या चेहऱ्यावर लिहिणं हे त्याला हात लावण्यासारखंच आहे. म्हणून आधी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिही. पन खड्डे जास्त सांगू नको, लोकाइले वाटीन मुरुमाची खदान आहे." तेव्हा वाचणाऱ्यांनी माझं धाडस पोटात घालावं.

आम्ही रावेरचे. आबा, म्हणजे माझे वडील, केळीच्या ट्रका भरायच्या टोळीत होते. घड खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत न्यायचे, खाली पानं अंथरायची आणि वर घड रचायचे. केळीचा चीक कपड्यावर पडला की तो डाग कशानंही जात नाही. त्यामुळे आबांचे सगळे सदरे काळपट ठिपक्यांचे. आई त्यांना म्हणायची, तुमच्या सदऱ्यापेक्षा पोरीचं तोंड साफ आहे. हे ती अक्काला हसवण्यासाठी म्हणायची. अक्का हसायची, पण हसताना ओढणी गालावर धरूनच.

अक्का माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. तिला दहावीच्या सुमाराला तारुण्यपिटिका आल्या. सगळ्यांनाच येतात, पण तिच्या थांबल्याच नाहीत. मोठ्या, दुखऱ्या, पू धरणाऱ्या. एक बसली की दुसरी उठायची आणि जाताना खड्डा ठेवून जायची. जो तो औषध सांगायचा. मुलतानी माती झाली, जायफळ उगाळून झालं. मेडिकलच्या दुकानातून आणलेली एक पांढरी ट्यूब लावल्यावर आठ दिवस चेहरा आरशासारखा झाला आणि ट्यूब संपल्यावर आधीपेक्षा दुप्पट पिटिका उठल्या. कोणीतरी आबांना सांगितलं की पिकल्या केळीच्या सालीनं चेहरा गुळगुळीत होतो. केळीला आमच्याकडे काय तोटा? आबांनी टोपलंभर साली आणल्या. अक्का दुपारी गालावर साली चिकटवून ओट्यावर पडली आणि थोड्याच वेळात गल्लीतल्या सगळ्या माश्या तिच्याभोवती जमा झाल्या. ती उठून पळाली, माश्या मागं, आबा टोपलं घेऊन त्यांच्या मागं. पुढं पिटिका आपोआप कमी झाल्या, पण दोन्ही गाल आणि कपाळाच्या कडा खड्ड्यांनी भरून गेल्या. उजेड बाजूनं आला की प्रत्येक खड्ड्याला सावली पडायची.

अक्का बारावी झाली होती. तिला नर्सिंगच्या ट्रेनिंगला जायचं होतं. लहानपणी आई आजारी असताना घरी येणारी नर्सबाई तिला फार आवडायची, तेव्हापासूनचं हे वेड. अर्ज केला, मुलाखतीला बोलावणं आलं. सोबत मी गेलो होतो. मी बाहेर बाकावर बसलो. आतून एका बाईंचा आवाज तेवढा ऐकू यायचा, "मोठ्यानं बोला. तोंडावरची ओढणी काढा आणि मोठ्यानं बोला." अक्काचा आवाज काही बाहेर आला नाही. तिची निवड झाली नाही. परतीच्या गाडीत ती खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "असं तोंड पाहून पेशंट घाबरतीन, असं वाटलं असीन त्याइले." मला वाटलं तसं नव्हतं. त्यांना ती काय बोलते तेच ऐकू आलं नव्हतं. पण हे मी तिला कसं सांगणार? आवाज का निघत नव्हता, याचं कारणही शेवटी तेच होतं.

नंतर ती घरी ब्लाउज शिवायला लागली. मापं घ्यायला आलेल्या बायकांशीही मान खाली घालून बोलायची. वयाची अट होती. पुढच्या एका वर्षात पुन्हा अर्ज केला तर केला, नंतर नाही. ती करणार नाही म्हणाली. या तोंडानं पुन्हा त्या खुर्चीत बसणार नाही, म्हणाली.

मी तेव्हा धुळ्याला शिकत होतो. धुळ्याहून रावेरला येताना जळगावला गाडी बदलावी लागते. एका उन्हाळ्यात स्टँडकडून स्टेशनकडे चालत जाताना एका चामडीच्या डॉक्टरांची नवी पाटी दिसली. तिच्यावर लाल अक्षरांत 'लेसर' असं लिहिलं होतं. लेसर मला फक्त फिजिक्सच्या पुस्तकातून माहीत होता. मी धीर करून वर गेलो, आणि पेशंट कोण विचारल्यावर गोंधळून म्हणालो, बहीण आहे पण ती रावेरला आहे. डॉक्टर हसले नाहीत. हळू बोलणारे, बारीक अंगाचे गृहस्थ होते. म्हणाले, घेऊन या.

अक्काला तिथवर नेणं हेच मोठं काम होतं. मी फक्त एवढंच म्हणालो की दाखवून तर येऊ. ती आली. डॉक्टरांनी दिवा बाजूला धरून तिचे गाल पाहिले, बोटानं त्वचा ताणून पाहिली. म्हणाले, "काही खड्डे उथळ आहेत, ते भरून येतील. काही खोल आहेत, ते राहतील. निम्मा फरक पडला तर मी खूश होईन. तुम्ही व्हाल का?" अक्कानं ओढणी परत गालावर ओढली. मग डॉक्टर म्हणाले, जळगावच्या उन्हात हे काम मी करत नाही, दिवाळीनंतर या. मशीन त्यांचं स्वतःचं नव्हतं. ते नाशिकहून जीपमध्ये घालून महिन्यातून एकदा यायचं. आधी धुळ्याला थांबायचं, मग जळगावला. हे ऐकून मला उगाच बरं वाटलं, आपल्याच रस्त्यानं येतं म्हणून. खर्चाचं आबांनी पाहिलं. त्याबद्दल मी लिहू नये, असं त्यांचं म्हणणं आहे.

दिवाळीनंतर डॉक्टरांनी कानापुढं नखाएवढ्या जागेवर करून पाहिलं. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर कधीकधी काळे डाग उमटतात, म्हणून आधी एवढंच करून वाट पाहायची. डाग उमटला नाही. मग थंडीत पुढच्या फेरीला सगळं झालं. मी दाराबाहेर होतो. केस जळल्यासारखा वास आला आणि मशीनची टकटक ऐकू येत राहिली. मध्येच लाईट गेली तेव्हा आतून डॉक्टरांचा शांत आवाज आला, "बाई, हलू नका, महावितरण परत येईपर्यंत आपण गप्पा मारू." खरं तर तेव्हा विजेच्या मंडळाचं नाव वेगळं होतं आणि डॉक्टर तेच म्हणाले असतील. मला आता हेच आठवतं.

अक्का बाहेर आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. चेहरा सोलल्यासारखा लाल, ओला, सुजलेला, त्यावर मलमाचा जाड थर. डॉक्टरांनी पथ्य सांगितलं. आठ-दहा दिवस उन्हात अजिबात जायचं नाही. चुलीची धग नको, धूळ-धूर नको. उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायचं आणि मलम लावायचं. खपली येईल, ती ओढायची नाही. कापड घासू द्यायचं नाही. हळद, कुंकू, पावडर काही लावायचं नाही. नाही पाळलं, तर आत्ता गुलाबी दिसतंय ते काळं होईल आणि मग मीही काही करू शकणार नाही.

मी मान डोलावली, पण मनातून घाबरलो. आमचं घर म्हणजे पुढची खोली आणि मागं चूल. फोडणी पडली की पुढच्या खोलीत बसलेला माणूस खोकायचा. दार दिवसभर उघडं. ब्लाउजवाल्या बायका, शेजारची पोरं, कोणाचंही येणं-जाणं. कोणाला नको म्हणायची रीतच नव्हती.

संध्याकाळी आम्ही पोचलो आणि पहिली आत आली ती जिजी. जिजी म्हणजे समोरच्या घरातली म्हातारी. आमची नात्याची नव्हे, पण गल्लीतल्या सगळ्यांना ती जिजीच. लहानपणी तिला देवी आल्या होत्या. तिची दोन भावंडं त्यात गेली, ती वाचली. तिचा सगळा चेहरा देवीच्या व्रणांनी भरलेला होता, आणि त्याची तिला कधी लाज वाटली नाही. हे मायबाईचे बोटं आहेत, म्हणायची, जिथं जिथं धरलं तिथं उठले. जिजीनं कंदील वर धरून अक्काचा चेहरा पाहिला. मग कंदील खाली ठेवला, पदर डोक्यावरून घेतला आणि अक्काला हात जोडले.

सकाळी आमच्या दारावर कडुलिंबाचे डहाळे खोचलेले होते.

आमच्याकडे घरात कोणाला देवी किंवा कांजण्या आल्या, तर तो आजार मानत नाहीत. मायबाई पाहुणी आली असं मानतात, आणि पाहुणीला धूर, वास, गोंगाट चालत नाही. घरात फोडणी बंद. तळण बंद. बाहेरून आलेल्यानं पाय धुतल्याशिवाय आत यायचं नाही, शक्यतो यायचंच नाही. आजाऱ्याला अंधाऱ्या, गार जागी निजवायचं, त्याला दुखवायचं नाही. तो जे मागेल ते द्यायचं, कारण मागणारा तो नसतो. आता देवीचा रोग राहिला नाही, पण कांजण्यांपुरती रीत शिल्लक आहे. आणि अक्काचा चेहरा पाहून जिजीला शंका यायचं कारणच नव्हतं.

मला हे सहन होईना. मी शिकत होतो आणि खरं ते सांगणं हे माझं काम आहे असं मला वाटत होतं. मी जिजीकडे गेलो आणि सगळं समजावून सांगितलं. मशीन, प्रकाश, कातडीचा वरचा थर. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मशीन असू दे नाही तं काई असू दे, बाबू. मायबाई कशावर बसून येईन, तिची मर्जी. गधड्यावर येते, तं मशीनवर नाही येनार?"

मी आबांकडे तक्रार केली. ते केळीची पानं बांधत होते. म्हणाले, "तुह्या डॉक्टरनं धूर नको सांगितला ना? मंग? आज गल्लीत कुठी धूर दिसला का तुले?"

खरंच दिसला नव्हता. आईनं फोडणी बंद केली होतीच, पण शेजारच्या दोन घरांनीही मिरच्या भाजायचं पुढं ढकललं होतं. ब्लाउजवाल्या बायका उंबऱ्याबाहेरून चौकशी करून परत जात होत्या. पलीकडच्या घरातला टेप बंद होता. पोरं गोट्या खेळायला दुसऱ्या गल्लीत गेली होती. भोंगा वाजवत येणाऱ्या कुल्फीवाल्याला जिजीनं कोपऱ्यावरूनच परत पाठवलं. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलेलं एकही पथ्य असं नव्हतं, जे गल्लीनं न सांगता पाळलं नाही.

अक्का आत निजून असायची. तिला सगळं ऐकू यायचं. सगळ्यात मोठा त्रास हसण्याचा होता, कारण हसलं की खपली ताणायची. मी मुद्दाम गंभीर चेहऱ्यानं आत जायचो आणि विचारायचो, मायबाईंना चहा चालेल का. ती डोळे गच्च मिटून हातानं मला बाहेर जा म्हणून खुणावायची. एकदा जिजी येऊन उंबऱ्यावर बसली. अक्काकडे पाहत म्हणाली, तुझा भाऊ सांगतो तसं मशीननं हे खड्डे जातात म्हणे. अक्का म्हणाली, हो जिजी, थोडे जातात. तुम्हाला न्यायचं का? जिजीनं आपल्या गालावरून बोट फिरवलं. "मले नको बाई. तिकडं गेल्यावर माह्या भावंडाइनं मले वळखायले पाह्यजे."

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण रीतीला शेवटही असतो. खपल्या सुटायला लागल्या, खालून कोवळी गुलाबी कातडी दिसायला लागली, तशी बायका म्हणू लागल्या की मायबाई उतरल्या. आता त्यांना निरोप द्यायला हवा. म्हणजे आजाऱ्याला कडुलिंबाच्या पाण्यानं न्हाऊ घालायचं, वाटलेली हळद तोंडाला लावायची आणि भर दुपारी ओल्या कपड्यांनी वाजतगाजत गल्लीच्या टोकाच्या मरीमायच्या ठाण्यावर नेऊन दहीभात ठेवायचा.

त्या दिवशी आबा ट्रक भरायला गेले होते. दुपारी बायका आल्या. एकीच्या हातात पाण्याचा हंडा, दुसरीच्या वाटीत हळद. दारातून ऊन थेट आत आलं होतं. आईचा चेहरा उतरला. इतके दिवस ज्या मायबाईनं घर सांभाळलं तिचा निरोप नाकारायचा कसा, आणि नाही नाकारला तर पोरीचा चेहरा जायचा. मी पुढं झालो आणि बोलायला लागलो की नवा थर कोवळा आहे, उन्हानं त्यात काळा रंग धरतो. एक बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून प्रेमानं म्हणाली, "सरक बाबू, बायकाइचं काम आहे." हळदीची वाटी आत गेली.

आणि आतून अक्काचा आवाज आला. मी तिच्याबरोबर वाढलो, पण तो आवाज मी कधी ऐकला नव्हता. मोठा होता, पण रागावलेला नव्हता. ती उठून दारापाशी, उन्हाच्या रेषेच्या अलीकडे येऊन उभी राहिली. डोक्यावर, तोंडावर काही नव्हतं.

"हळद लावायची नाही," ती म्हणाली. "पानी माह्या पायावर घाला, तोंडावर नाही. उन्हात मी येनार नाही. दिवस बुडाल्यावर येईन, माह्या पायानं चालत येईन."

हळदीची वाटी धरलेली बाई जिजीकडे पाहायला लागली. जिजी म्हणाली, "सांगितलं ना? मंग ठेव वाटी खाली."

बायकांनी अक्काच्या पायांवर पाणी घातलं आणि घरी गेल्या.

दिवस बुडाल्यावर आम्ही निघालो. ओढणी घ्यायची सोय नव्हती, ती मलमाला चिकटली असती. उघड्या चेहऱ्यानं अक्का सबंध गल्ली चालली. कुठं गुलाबी, कुठं खपलीचे तुकडे, भुवयांपाशी सूज. लोक दारात उभे होते आणि ती जवळ आली की हात जोडत होते. पहिल्या दोन-तीन घरांपर्यंत तिची मान खाली होती. मग ती वर आली. परतताना ती मला म्हणाली, "बाबू, इतके वर्षं लोक माह्या तोंडाकडे पाह्यले की दुसरीकडं पाह्यचे. आज तोंड त्याहून खराब आहे, तं हात जोडतात. मी काय करू? मी बी त्याइच्याकडे पाह्यलं."

पुढं जळगावला दाखवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी दिवा बाजूनं धरून पाहिलं. उथळ खड्डे भरले होते, पोत पुष्कळ सारखा झाला होता. खोल होते ते होतेच, पण त्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या. काळा डाग एकही नाही. ते म्हणाले, इतकं पथ्य माझ्याकडचा कोणताही पेशंट पाळत नाही, तुम्ही घरी काय केलंत? मी सांगायला तोंड उघडलं. अक्का म्हणाली, "आमच्या घरात शिस्त आहे."

तिनं अर्ज केला. मुलाखतीच्या दिवशी माझी परीक्षा होती, त्यामुळे सोबत आबा गेले. टोळीतून सुट्टी घेऊन, डाग नसलेला एकुलता एक सदरा घालून. त्यानंतर निकालाची वाट पाहणं सुरू झालं. घरी फोन नव्हता. रावेरच्या एसटीडी बूथवरून आबा फोन करणार आणि धुळ्यात आमच्या हॉस्टेलसमोरचे बूथवाले दादा निरोप सांगणार, असं ठरलं होतं. मी रोज जेवण झालं की तिथं जाऊन उभा राहायचो. दादा काचेआडूनच मान हलवायचे. एकदा तर लाइनच बंद होती आणि ती बंद आहे म्हणून मला बरं वाटलं.

शेवटी एका दुपारी मी वर्गातून येत असताना दादांनी रस्त्यापलीकडून हात केला. ते काचेबाहेर आले होते. इतक्या महिन्यांत मी त्यांना कधी उभं पाहिलं नव्हतं.

"तुना आबाना फोन उना व्हता," ते म्हणाले. "तुनी बहीण नर्सिंगले लागी गयी. आनि येतांना धुळाथीन पांढऱ्या चपला लई ये म्हने, ट्रेनिंगले लागतस."

कोणत्या मापाच्या, ते त्यांनी विचारलं नव्हतं.